भिंतीवरची नदी

कॅनडातल्या आमच्या व्हिटबीच्या घरात, दिवाणखान्याच्या भिंतीवर इंग्लंडातल्या एका खेड्याचा फोटो आहे. नदी, दगडी पूल, पलीकडे चर्च. इथे येण्यापूर्वी ह्यांनी तिथे दोन वर्षं डॉक्टरकी केली आणि लग्न होऊन मी थेट त्या खेड्यातच गेले. पाहुणे आले की ह्यांचं नदीपुराण सुरू होतं आणि मी पोहे आणायला आत जाते. चारचौघांत नवऱ्याचं बोलणं तोडायचं नाही, हे माहेरून शिकून आलेले. मेलं ते वळण अजून जात नाही.

गेल्या महिन्यात मात्र ह्यांनी कहर केला. इथून दोन तासांवर तस्संच एक नदीकाठचं खेडं शोधून काढलं. एजंटशी बोलणं झालं, शनिवारी घर बघायला जायचंही ठरलं. आणि मला कळलं कधी? तर ह्यांच्या एका जुन्या स्नेह्यांना हे सांगत होते तेव्हा.

"कंडोबिंडोतला फ्लॅट नको. हे घर सेल करायचं आणि तिकडे शांतपणे राहायचं. हिलाही तिथलं फार आवडायचं."

मी बशी हातात घेऊन उभीच राहिले. मी हायवेवर गाडी चालवत नाही. माझं भजनी मंडळ, ग्रोसरी, लायब्ररी, सगळं इथे चालत जाण्यासारखं. आणि म्हणे आवडायचं! नुसता संताप झाला.

स्नेही म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा ना, कसं होतं तिथे?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी खाली बसले आणि सांगितलं. हे सकाळी गाडी घेऊन जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. बस आठवड्यातून दोनदा. दुकानातली बाई चांगली होती, पण तिचं इंग्रजी मला कळायचं नाही आणि माझं तिला. दिवसभर मराठीचा शब्द कानावर नाही. मग मी त्या पुलावर जाऊन नदीशी बोलायचे, चांगलं मोठ्यांदा.

"मला कधी सांगितलं नाहीस," हे म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

पोहे गार झाले. ह्यांनी बशी बाजूला सारून विचारलं, "काय बोलायचीस नदीशी?"

"तुमच्या कागाळ्या."

स्नेही हसले. हे हसले नाहीत. शनिवारी सकाळी एजंटचा फोन वाजला, तेव्हा ह्यांनी तो न उचलता माझ्या हातात दिला.