हिरवा दिवा आणि सांडव्याचा आवाज

पाण्यावर गेलं की माणसाला स्वतःची खरी ओळख पटते. हे वाक्य मी तरुणपणी वहीत उतरवून ठेवलं होतं. मला ती ओळख पटली उमरेडच्या वाटेवरच्या एका धरणात, सांडव्यापासून दीडेकशे हातांवर. पटली नसती तरी माझं काही अडलं नव्हतं.

होडी भाऊजींची, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याची. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपुरात राहून एक जुनी शिडाची होडी विकत घेतली आणि ट्रकवर घालून आणली. सोबत सोनेरी दोरीची पांढरी टोपी. होडीचा नांगर इतका देखणा निघाला की तो नंदनवन कॉलनीतल्या घरी बैठकीत भिंतीवर लागला. वल्ही नव्हतीच. "शिडाच्या बोटीत वल्हं ठेवणं म्हणजे घोड्यावर बसून चप्पल हातात धरणं," असं भाऊजी म्हणत. वारा पडलाच तर मागे विजेवरची छोटी मोटर होती, तिला बॅटरी, आणि बॅटरी भरायला टपावर सौर पॅनेल. होडी कलंडू नये म्हणून तळाला अडीच फूट खोल लोखंडी पातं. त्या सकाळी ते काठच्या चिखलात दोनदा रुतलं, आणि दोन्ही वेळा ढकलायला मीच होतो.

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. धरण काठोकाठ भरलं होतं आणि सांडवा वाहत होता. भाऊजी, ताई आणि मी, आम्ही तिघं मध्यावर पोचलो आणि वारा पडला. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लटकलं. मग मला तो आवाज ऐकू आला, दुरून गिरणी चालावी तसा. तो आधीपासूनच येत असणार. आता ऐकण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

काठावरची एक बाभूळ मघाशी आमच्या पुढे होती. ती आता मागे गेली होती.

"भाऊजी, आपण सरकतोय."

"बोट आहे ते. सरकणारच." त्यांनी मोटरचं बटण दाबलं. मोटर कण्हली आणि गप्प झाली. पुन्हा दाबलं. या वेळी कण्हलीसुद्धा नाही.

"बॅटरी फुल्ल आहे," भाऊजी म्हणाले. "पाहा ना, पॅनेलच्या डब्यावर हिरवा दिवा आहे. मास्तर, घाबरून काहून राहिले?"

मी घाबरून काहून राहिलो होतो याची कारणं मला तोंडपाठ होती. मला पोहता येत नाही. अंगात जॅकेट होतं, पण सांडव्याखाली दोन पुरुष खोल नुसते दगड होते, आणि दगडांवर तरंगायचं जॅकेट अजून निघालेलं नाही. सांडव्याच्या टोकाला धरणाचा चौकीदार बसला होता. तो चणे खात आमच्याकडे बघत होता, आणि त्याच्या बसण्यात आमची काळजी कुठेही दिसत नव्हती.

पंचवीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे विजेचं मीटर मात्र माझ्या पिशवीत असतं. फ्यूज पाहिला, शाबूत. वायर ओढून पाहिल्या, घट्ट. घाईत मी मीटरच्या सुया उलट्या धरल्या. ताईने माझं मनगट धरलं. "नीट धर गा. मुलांले असंच शिकवत होता का?"

वायरींच्या पितळी पकडींवर सुया टेकल्या आणि भाऊजींना बटण दाबायला सांगितलं. आकडा बारावरून दोनवर कोसळला. मग सुया थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकल्या. बारा, आणि हलायला तयार नाही. म्हणजे वीज बॅटरीत होती, पण खुंटी आणि पकड यांच्या मध्येच कुठेतरी अडत होती. पॅनेलची वीजही तिथूनच परत फिरत असणार. दारात गर्दी पाहून घर भरलं असं समजावं, तसा तो हिरवा दिवा आम्हाला फसवत होता.

"पकडी कोणी काढल्या होत्या?"

"मीच," भाऊजी म्हणाले. "खंडेनवमीले. पूजेसाठी बॅटरी पाटावर मांडली होती ना."

"आणि हळदीकुंकू?"

"त्याले दोन डोकी होती," ताई म्हणाली. "दोन्हीले लावलं. अक्षताही वाहिल्या."

"मग भाऊजी, पुसलं नाही तुम्ही?"

"पूजेचं पुसते का कोणी? वरूनच कसल्या पकडी."

आता सांडव्याची काळपट कड मला स्पष्ट दिसत होती. पेरू कापायला आणलेला चाकू मी उचलला. ताईने हात आडवा घातला. "आधी हात जोड."

मी जोडले. नास्तिकपणा हा कोरड्या जमिनीवरचा विषय आहे.

पक्कडीने नट सैल करताना तो एकदा हातातून निसटला आणि होडीच्या तळाशी घरंगळला. त्या दोन क्षणांत मी काय बोललो ते ताई अजून मला सांगत नाही. नट सापडला. पकडीखाली हळदीकुंकवाचा लगदा होता, त्यावर पांढरट बुरशीसारखं काहीतरी चढलेलं, आणि तांदळाचे तीन दाणे चपटे होऊन बसलेले. खरवडलं, भाऊजींच्या रुमालाने पुसलं, पुन्हा कसलं. दुसऱ्या खुंटीचंही तसंच.

भाऊजींनी बटण दाबलं. मोटर फिरली. बैलगाडीच्या चालीने आम्ही काठाकडे निघालो, आणि बाभूळ परत पुढे येईपर्यंत मी श्वास मोजत होतो.

"पूजा केली होती म्हणून वाचलो," ताई म्हणाली. भाऊजींनी टोपी सरळ केली.

आम्ही काठावर उतरलो. चौकीदार चण्याची पुडी झटकत आला.

"अहो, आम्ही सांडव्यावर चाललो होतो," मी म्हणालो. "एक हाक तरी मारायची!"

"काहून मारू, साहेब?" तो म्हणाला. "भिंतीवरून वीतभर पाणी चाललं आहे. म्हशी उभ्या राहतात तिथं."

आमच्या होडीचं पातं अडीच फूट खोल होतं, भिंतीला अडलंच असतं.