विडो शब्दाचं मूळ

जिंतूरचे बन्सीधर मास्तर शिकले सगळं उर्दूत. पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, आणि ऐन तिशीत आपली विद्या आता कुठं चालत नाही हे त्यांना कळून चुकलं. मग डिक्शनरी आणून त्यांनी इंग्रजी शिकायला घेतली. त्यातही अर्थापेक्षा शब्दांच्या कुळाचं वेड जास्त. कॉट म्हणजे आपली खाटच, शाम्पू आला तो आपल्या चंपीवरून, असं ते पोरांना रंगवून सांगत. घरी धाकटी बहीण दैवशाला भाकरी थापताना हेच ऐकायची. "सायबानं आपली खाटबी सोडली न्हाई म्हणायची," असं म्हणून हसायची. लग्नाला वर्ष होत नाही तोच तिचा नवरा पटकीनं गेला होता. माहेरी परतल्यापासून ती हसे ती एवढ्यालाच.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात नवे तपासनीस शाळा पाहून मास्तरांकडे जेवायला आले. पंगतीला गावातले चार मोठे लोकही होते. शब्दांचा विषय निघाला, साहेब खूश झाले, तसे मास्तर फुलत गेले. दैवशाला ताक वाढायला आली आणि नेमका तेव्हाच त्यांना सगळ्यांत नामी शब्द आठवला.

"विडो आणि आपली विधवा, दोन्हींचं मूळ एकच, साहेब," ते म्हणाले आणि त्यांनी बहिणीकडं बोट केलं. "ही काय, आमच्या घरची विडो."

साहेब हसले. मग बाकीचेही हसले. दैवशालानं शेवटच्या पानापर्यंत ताक वाढलं आणि ती आत गेली. मास्तरांचा घास तोंडातच फिरू लागला. तरी ते बोलतच राहिले. गप्प बसले असते तर काय झालं ते सगळ्यांच्या ध्यानात आलं असतं.

पाहुणे गेल्यावर ते चुलीपाशी जाऊन उभे राहिले. शब्द खरा आहे, त्यात वावगं काही नाही, असं काहीबाही पुटपुटले.

"खराच असंल," ती भांडी घासता घासता म्हणाली. "पर मी ताक वाढायला आले होते, दादा. दाखवायला न्हवते आले."



त्यानंतर घरात शब्दांच्या गोष्टी बंदच झाल्या. उन्हाळा सरता सरता परभणीला सुईणीचं शिकायला जाते, असं तीच म्हणाली. नातलगांनी नाकं मुरडली. मास्तरांनी एकाचंही ऐकलं नाही, स्वतः तिला पोचवायला गेले. माफी मागायची असं मनाशी घोकत होते, पण मोटारीत तोंडातून निघालं ते एवढंच, की वळकटी सांभाळ.

दवाखान्याच्या दारात ती त्यांच्या पाया पडायला वाकली. हा नमस्कार आपण घेऊ नये, असं त्यांना फार वाटलं. पण पाय मागं घेतले नाहीत.