अकोल्यावरी पाठ पाहणारा

रेसबापूंना पाठीमागून हाक मारून काही उपयोग नसे. साठ सालच्या आसपास अमरावतीत, राजापेठेत, त्यांच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत होती. भिंतीपलीकडून ओरडलं तर ओ येई. रस्त्यात मागून ओरडलं तर हा सत्तरीचा माणूस सरळ पुढे! मी धापा टाकत वळसा घालून समोर उभा राहिलो की म्हणायचे, "मास्तर, मांगं पाह्यलं का चाक वाकडं होते." आणि तेव्हा ते पायी असायचे, हातात वांग्यांची पिशवी!

ऐन तारुण्यात, रस्त्यावर मोटार दिसली तर लोक धावत बघायला जात त्या काळात, बापूंनी अमरावती ते अकोला सायकलची शर्यत जिंकली होती. असं ते म्हणत. राजापेठेत कुणाचा विश्वास नव्हता.

"बापू, कप कुठं हाय?" पानवाला मुद्दाम विचारी.

"कप नाही, फेटा देल्ला होता."

"मंग फेटा कुठं हाय?"

"फाटला न बे!"

सारा पानठेला हसायचा. त्या हसण्यात माझाही आवाज असे, कबूल करतो.

बापूंचा साक्षीदार एकच : शर्यतीत दुसरे आलेले अकोल्याचे गणपतराव. दर दसऱ्याला ते एसटीने सोनं द्यायला येत. बापू त्यांना आधी पानठेल्यावर नेत. "सांग यायले." गणपतराव आपट्याचं पान बापूंच्या हातावर ठेवून म्हणत, "अमरावतीपासून अकोल्यावरी याची पाठच पाहत गेलो बाप्पा, रस्ता दिसलाच नाही." त्या दिवशी कुणी हसत नसे. बापूंच्या घरात ना बायको, ना लेकरू. वर्षभर ते त्या एका दिवसावर जगत.

एका दसऱ्याला गणपतराव आले नाहीत. चौथ्या दिवशी कोपरा फाडलेलं कार्ड आलं. गणपतराव गेले होते.

मी बापूंना घेऊन अकोल्याला गेलो. ओसरीवर माणसं बसली होती. गणपतरावांची सून आल्यागेल्याला सांगत होती, "मामाजी मोठे सायकलवाले होते. अमरावतीची शर्यत त्यायनंच जिंकली होती." मग बापूंकडे वळून, "तुमी कोन, बाबाजी?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. बापूंनी माझा दंड घट्ट दाबला.

"मी दुसरा आलतो, बाई," ते म्हणाले. "लय पुढं होता तो."

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर मागे पडलं. तेव्हा बापू एकदम म्हणाले, "मास्तर, खरं काय ते आता तुले अन् मलेच ठाव हाय."

मी मान डोलावली.

खिडकीबाहेर बघत ते पुटपुटले, "अन् तू तर तिथं नव्हताच."