नापाची तिसरी बाटली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — तिच्या समजुतीने मी लीड्समध्ये बिस्किटांच्या कंपनीत होते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मंजिरीला ओळखत नाही.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मंजिरी नागपूरची, मी पुण्याची. दोघी इंग्लंडात, लीड्समधल्याच एका वाइन आयात करणाऱ्या कंपनीत, दोघी वर्क परमिटवर. काम काय, तर कॅलिफोर्नियाच्या वाइन्स चाखायच्या, थुंकायच्या आणि हॉटेलवाल्यांना पटेल असं वर्णन करायचं. गोऱ्यांचं ते ब्लॅकबेरी न् लेदर आम्हाला कुठून सुचणार? आम्ही आधी मराठीत ठरवायचो, मग इंग्रजीत लिहायचो. पांढऱ्या शार्डनेला तूप कढवल्यावर उरलेल्या बेरीचा वास — हे मंजिरीचं. लाल झिनफँडेल म्हणजे जांभूळ खाऊन वर मिरी चावली — हेही तिचंच. माझं आपलं "छान फ्रूटी आहे." जळायचे का मी? हो, चांगलीच जळायचे.

मग बजेट कापलं गेलं. दोघींपैकी एकीचंच परमिट रिन्यू होणार होतं, आणि मॅनेजरचा कल कुणाकडे आहे ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

त्याच सुमारास नापाच्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या एका नावाजलेल्या खोऱ्यातल्या, वाइन्सचं हॉटेलवाल्यांसाठी मोठं टेस्टिंग होतं. बाटल्या उघडून, हुंगून, मग ओतायच्या — ते काम मंजिरीचं. आणि बाईसाहेबांना नेमकी मरणाची सर्दी. नाकाला रुमाल लावून, ग्लास घेऊन ती माझ्याकडे आली.

"नाक पार बंद आहे गं. ही तिसरी बाटली सांग न, बरी वाटून राहिली का?"

मी हुंगलं. पहिल्याच श्वासात — ओलं गोणपाट. बूच खराब निघालं की असाच वास येतो. कॉर्क्ड म्हणतात अशा बाटलीला, सरळ बेसिनमध्ये ओतून द्यायची असते. एक शब्द पुरला असता. दुसरी बाटली उघडायला असा कितीसा वेळ लागतो?

"मस्त आहे," मी म्हटलं. "ओत बिनधास्त."

इथेच थांबले असते तर — पण कसली थांबतेय! तिने ओतली. सगळ्यांसमोर उभं राहून, आधी चाखल्याच्या आठवणीवर, काळ्या मनुकांचं, वेलचीचं सुरेख वर्णन केलं. हॉटेलवाले एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा मी हात वर केला आणि अगदी अदबीने, इंग्रजीत म्हणाले, सॉरी, पण ही बाटली कॉर्क्ड आहे. मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं. मला काय वाटलं? बरं वाटलं.

परमिट मला मिळालं. मंजिरीला परत जावं लागलं. तिला स्टेशनवर सोडायला मीच गेले — हे तरी कसं जमलं मला? प्लॅटफॉर्मवर तिने मला घट्ट मिठी मारली.

"तू मनाला लावून नको घेऊ बाप्पा," ती म्हणाली. "तुझ्याही उशिराच लक्षात आलं न? मग बोलली तू, बरोबरच केलं. हुंगायचं काम माझं होतं."

ट्रेन यायला अजून वेळ होता. सांगता आलं असतं.

"हो गं," मी म्हटलं. "उशिराच लक्षात आलं."