मोटारीला लागलेली हळद

माझ्या भावाच्या लग्नात मी करवली होते आणि तोरा एवढा की, जळगावात त्याला हळद लागली तेव्हाच मी सांगून टाकलं, उष्टी हळद धुळ्याला मीच नेणार. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लावायची आणि ती लागेपर्यंत नवरीनं जेवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. नवरी धुळ्यातल्या देवपूरची. म्हणजे मी पोचेपर्यंत ती उपाशी.

वाहन काकांची जुनी, साहेबाच्या काळातली मोटार. तिच्या रेडिएटरच्या टाकीला भोक होतं, हे अख्ख्या घराला ठाऊक होतं. काका दरवर्षी म्हणायचे, "यंदा झाळून घेऊ," आणि दरवर्षी डिकीत ठेवायला नवी बादली आणायचे. मोटार चालवायला काकांचे म्हातारे ड्रायव्हर नाना. मागं मी आणि मांडीवर हळदीची वाटी धरून बसलेली आत्या.

पारोळा ओलांडलं आणि बॉनेटमधून वाफ निघाली. नानांनी एका मळ्यातल्या विहिरीपाशी गाडी थांबवली, वाकून पाहिलं. टाकी कोरडी. "बठ्ठं पानी गयं." मग त्यांनी धुण्याचा साबण मळून भोकात बसवला, पाणी ओतलं, इंजिन सुरू केलं. टाकी तापली तसा साबण वितळला आणि गाडीखाली फेस झाला.

"आते एकच विलाज शे," नाना म्हणाले. "पानीमा हयद टाकी का भोक बुजाई जास."

मी राखणदाराच्या झोपडीत विचारून आले. मिरच्या हव्या तेवढ्या होत्या, हळद नव्हती. परत येते तो आत्यानं वाटी माझ्या हाती दिली आणि ती विहिरीवर तोंड धुवायला गेली. नाना वाटीकडे बघत होते.

"किती लागेल?" मी विचारलं.

"दोन चिमटी."

दोन चिमटींनी नवरीचं काय कमी होणार होतं? मी टाकल्या. थेंब चालूच. नाना म्हणाले, जरा दम धरा. दम धरणं मला आजही जमत नाही. मी वाटी उपडी केली.

गळती थांबली. नाना शांतपणे म्हणाले, "ते तर दोन चिमटीमाच व्हई जातं."

आत्या परत आली, रिकामी वाटी बघितली आणि मटकन खाली बसली. "अगं, माझ्या भाच्याची हळद तू टाकीत घातलीस? आता त्याचं लग्न कुणाशी लागलं?"

एरवी मी हसले असते. पण तिकडे ती मुलगी सकाळपासून उपाशी आणि माझ्या हातात पुसलेली वाटी. माझ्या तोऱ्यापायी लग्नात विघ्न यायची वेळ आली होती. धुळं येईपर्यंत मी मुसमुसत होते.

पांझरेच्या पुलाअलीकडे आत्यानं गाडी थांबवायला लावली. नानांनी टाकीखालची तोटी सोडली आणि वाटीभर कढत, पिवळं, तांबूस पाणी काढलं. मांडवात आत्यानं ते नवरीकडच्या हळदीत बेमालूम कालवलं आणि चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. नवरीला हळद लागली, ती जेवली, दुसऱ्या दिवशी लग्नही लागलं.

चार दिवसांनी वहिनीनं मला विचारलं, "वन्सं, त्या हळदीला लोखंडाचा वास कसा हो येत होता?" मी सगळं कबूल केलं. ती विचार करून म्हणाली, "म्हणजे मोटार थोरली, मी धाकटी." पुढं काकांनी ती मोटार भावालाच दिली. सकाळी गाडी सुरू झाली नाही की वहिनी आतून विचारायची, "थोरल्या बाई रुसल्या वाटतं?"

शेवटी ती मोटार भंगारात गेली. न्यायला माणसं आली तेव्हा वहिनी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली आणि वाकून टाकीला हळद लावू लागली. मला हसू आवरेना. "सवतीची पाठवणी का?"

ती हसली नाही. "वन्सं, त्या दिवशी आमच्याकडच्या बायका कुजबुजायला लागल्या होत्या, जळगावचे आता येत नाहीत म्हणून. आई माझ्याकडे बघत नव्हती. मला भूक नव्हती हो, भीती वाटत होती. मग हिचा भोंगा ऐकू आला."