यमुनाबाईंचा कांदळ

मी सहसा काही लिहीत नाही, आणि हेही नीट जमेल असं नाही. पण काल दुपारी यमुनाबाईंच्या बांधावर जे पाहिलं, ते सांगितल्यावाचून राहवेना.

यमुनाबाई माझ्या शेजारी राहतात. त्यांचं भातशेत खाडीला लागून आहे. मध्ये फक्त मातीचा बांध. तो फुटून खारं पाणी आत शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव घ्यायचं नाही. दर पावसाळ्यात लाटा बांध पोखरायच्या, दर उन्हाळ्यात बाई चिखल थापायच्या.

पलीकडच्या काठावर कांदळ, म्हणजे खारफुटी आहे, तिथली माती मात्र हलत नाही, हे त्यांनी हेरलं. मग बांधाबाहेर कांदळ लावायचं ठरवलं. पण सगळा जन्म भातात गेलेला! कांदळाच्या शेवग्यासारख्या लांब शेंगा आणून त्यांनी विहिरीजवळ वाफ्यात रुजवल्या, आणि रोपं भातासारखी उपटून, मुठी बांधून खाडीत लावली. मुळं तुटलेली, झाडून सगळी मेली. शेजारच्या शेतातला पुतण्या सर्वेश विचारायचा, "काकी, कापणी कधी?"

पुढच्या पावसाळ्यात बाई होडीतून पलीकडे गेल्या आणि कांदळाखाली बघत राहिल्या. परत आल्या त्या थेट माझ्या पडवीत. ती नुसती शेंग नव्हेच, म्हणाल्या. बी झाडावरच रुजतं, तिथेच हातभर वाढतं. ओहोटीला सुटलं तर भाल्यासारखं चिखलात उभं राहतं, भरतीत पडलं तर तरंगत जाऊन दुसरीकडे रुजतं.

"रोप झाडानंच करून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "आपण मध्ये कशाला लुडबुडायचं?"

उभा जन्म खाडीकाठी काढला, आणि मला हे ठाऊक नव्हतं! त्या वर्षी बाईंनी पडलेली रोपं उचलून तशीच चिखलात खोचली. गेल्या चार-पाच वर्षांत ती माणसाच्या वर गेली. बुंध्यातून कमानीसारखी मुळं सुटून एकमेकांत गुंतली.

काल अमावस्येचं उधाण, त्यात वारा. मी छत्री विसरून बांधावर धावलो; बाई आधीच तिथे उभ्या होत्या. एकेक लाट फणा काढून यायची, मुळांत शिरायची, आणि बांधाला लागेपर्यंत तिचा नुसता फेस व्हायचा. पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली येऊन थांबलं. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. बाजूला सर्वेशच्या उघड्या बांधाची ढेकळं सुटत होती. पोती टाकून टाकून त्याने तो कसाबसा राखला.

पाणी उतरू लागल्यावर तो चिखलाने माखलेला आमच्याकडे आला. मुळांकडे बघत म्हणाला,

"काकी, थोडी रोपं मिळतील?"

"माझ्याकडे कुठली रे? झाडाखाली जाऊन वेच," बाई म्हणाल्या. "आणि मेल्या, मुठी बांधू नकोस."

आज ओहोटीला आम्ही तिघेही चिखलात होतो. माझी एक चप्पल तिथेच राहिली.