मी सुधारलेला बैल

माझे हात स्वस्थ बसत नाहीत. कुणाच्या घरी गेले की भिंतीवरचा वाकडा फोटो मी सरळ करते. दुकानात उभी असले तर काउंटरवरच्या बरण्या एका रांगेत लावून मोकळी होते. घरचे वैतागतात, नवरा तर म्हणतो, तुला बसायला जागा दिली की तू ती आधी पुसतेस. बालवाडीच्या नोकरीत मात्र या हातांचं फार कौतुक झालं, आणि कौतुकानंच मला गोत्यात आणलं. आता ही गोष्ट मी हसत सांगते, पण तेव्हा मला दोन महिने धड जेवण गेलं नव्हतं.

आमची शाळा बेसा भागात, एका दुमजली बंगल्यात भरते. खालच्या हॉलमध्ये माझा केजी वनचा वर्ग. बावीस मुलं, मी, आणि मदतीला एक मावशी. आमच्याकडे वही उशिरा येते, आधी हातांचं काम. राजमा आणि हरभरे वेगळे करायचे, एका पेल्यातलं पाणी न सांडता दुसऱ्यात ओतायचं, मटार सोलायचे, मोठाली बटणं काजात घालायची. काही पालकांना हे सगळं खेळच वाटतं. ‘एबीसीडी कधी लिहायला लागणार, टीचर?’ असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. मी त्यांना सांगते, ज्या बोटांना मटार सोलता येत नाही त्यांना पेन्सिल काय धरता येणार!

त्या वर्षी माझ्या वर्गात साडेचार वर्षांची एक मुलगी होती. दोन आखूड वेण्या, आणि नखांत कायम काहीतरी अडकलेलं. तिच्याइतकं हळू काम करणारं मूल मी पाहिलेलं नाही. पाणी ओतायला बसली की जिभेचं टोक बाहेर काढून ती अशी रमायची की डब्याची सुट्टी झालेलीही तिला कळायची नाही. ‘थांबा न टीचर, व्हायचं आहे अजून,’ एवढंच म्हणायची. तिची आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती, ड्युटी दुपारची. म्हणून मुलीला सोडायला आणि न्यायला तीच यायची, आणि तिचे माखलेले कपडे पाहून रोज कपाळावर हात मारायची.

तान्हा पोळा हा आमच्याकडे लेकरांचा सण. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मुलं आपापले लाकडी बैल सजवून मिरवायला काढतात. शाळेत आम्ही तो दोन दिवस आधीच उरकून घेतो. दरवर्षी मुलं विकतचे बैल आणायची आणि त्यांचे आईबाप ते सजवून द्यायचे. या वेळी मीच म्हटलं, मुलं स्वतः मातीचे बैल करतील. चितार ओळीत जाऊन माती आणली. तिथले मूर्तिकार गणपतीच्या घाईत होते, त्यातल्या एकानं कुरकुरत का होईना, अर्धं पोतं दिलं.

तीन दिवस वर्गात नुसता चिखल. कुणाच्या बैलाला पाच पाय, कुणाच्या बैलाला शिंगंच शिंगं. एकानं बैल सोडून लाडू केले आणि ते बैलाचं जेवण आहे म्हणून सांगितलं. आमच्या या मुलीनं तीन दिवस एकच बैल केला. डोंगराएवढं वशिंड, इवलंसं डोकं, एक शिंग पुढे आणि एक मागे. पाय नव्हतेच. ती रोज येऊन त्याला पाण्याचं बोट लावायची, वशिंडावर थोडी माती चढवायची, आणि लांब जाऊन त्याच्याकडे बघायची.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिका मॅडम वर्गात आल्या. टेबलावरची रांग पाहून म्हणाल्या, “हे बैल आहेत की बटाटे? उद्या पालक फोटो काढतील. जरा फिनिशिंग द्या ना तुम्ही.”

त्यांच्यावर खापर फोडायचं नाही मला. त्या माझ्या मनातलंच बोलल्या होत्या. माझे हात तर सकाळपासून शिवशिवत होते. आणि हे आमच्या धंद्यात सगळीकडे चालतं. बालवाडीतल्या भिंतीवर तुम्ही जी सुबक चित्रं पाहता, त्यातली निम्मी बाईंनी सुट्टीनंतर सुधारलेली असतात. मुलाचं नाव खाली लिहायचं आणि गप्प बसायचं. आम्ही त्याला फसवणूक म्हणत नाही, मदत म्हणतो.

मुलं गेल्यावर मी पदर खोचला आणि वाटीत पाणी घेऊन बसले. शिंगं सारखी केली, माना वळवल्या, काडेपेटीच्या काड्या आत खुपसून पाय उभे केले. मावशी झाडू मारता मारता थांबली.

“कायले हात लावता मॅडम? लेकरायचं हाय, राहू द्या ना तसंच.”

“मावशी, दिसायला तर पाहिजे न बैलासारखं.”

“तुमची भाजी तुमच्या सासूनं पुन्हा फोडणी घालून पाहुण्यायले वाढली, तं तुमाले कसं वाटन?”

मला राग आला. खरं तर माझ्या सासूबाईंनी हे अगदी असंच केलेलं होतं आणि मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नव्हते. पण मावशीला ते कसं सांगणार? मी म्हटलं, “तुम्ही तिकडचा कोपरा झाडा आधी.” तिनं झाडला. मी त्या मुलीचा बैल हातात घेतला, वशिंड कापून बेतात आणलं, उरलेल्या मातीचे चार पाय लावले. सुंदर झाला होता. घरी जाताना मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी पालक आले, मोबाइल बाहेर निघाले. नऊवारी नेसलेली ती मुलगी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. मग वाकून तिनं टेबलाखाली पाहिलं.

“टीचर, माझा बैल कुठे गेला?”

“हा काय. तुझं नाव लिहिलं आहे बघ.”

“हा नाही.”

“अवं, तुझाच आहे,” आई म्हणाली. “किती छान केला!”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. खरं बोलायला तीच वेळ होती. मी म्हटलं, “माती वाळली न, की अशीच बदलते.” तिनं ते मानलं. टीचर सांगते म्हणजे तसंच असणार. त्यात परीक्षक म्हणून बोलावलेल्या निवृत्त ड्रॉइंगच्या सरांनी तिलाच पहिलं बक्षीस दिलं, एक निळी पाण्याची बाटली. माइकवर म्हणाले, “या वयात इतकं निरीक्षण!” ते निरीक्षण पंचेचाळीस वर्षांचं होतं आणि मागे उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

पोळ्याच्या सुट्ट्या संपून शाळा भरली तेव्हा मी मुलांना कागद आणि कात्र्या दिल्या. ती मुलगी आपला कागद घेऊन माझ्याकडे आली आणि शांतपणे म्हणाली, “तुम्हीच करा न टीचर. तुमच्यानं छान होते.”

मला वाटलं, कंटाळली असेल. पण दुसऱ्या दिवशी बटणांचंही तेच, मग मण्यांचंही. रडणं नाही, हट्ट नाही, अगदी नम्रपणे वस्तू माझ्यापुढे ठेवायची आणि हात मागे घेऊन उभी राहायची. बाजारात संत्री आली, तेव्हा प्रत्येकाला एकेक सोलायला दिलं. बाकीच्यांनी डोळ्यांत रस उडवून घेतला, सदरे खराब केले. तिनं संत्रं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. तिची नखं स्वच्छ होती.

एकदा फाटकाशी तिची आई आनंदानं म्हणाली, “टीचर, आता खूपच शहाणी झाली हो ही. घरी पसारा नाही, कपडे खराब नाही, चुपचाप बसून राहते. तुम्हीच काही शिकवलं असन!”

खरंच शिकवलं होतं मी. तुझे हात कामाचे नाहीत, हे एका साडेचार वर्षांच्या पोरीला मी पटवून दिलं होतं. आणि लहानपणी पटलेलं किती पक्कं बसतं ते मला ठाऊक आहे. चाळिशीच्या बायका अजून सांगतात, मला नाही बाई जमत काही. त्यांच्याही वेळी कुणीतरी असंच मदत करून गेलं असणार. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण इथे मारुती मातीचा नव्हता. मला भीती वाटायला लागली, आणि ती रोज वाढत गेली.

मी नाना उपाय केले. तिनं नुसता डिंकाला हात लावला तरी मोठमोठ्यानं शाबासकी दिली. तिला ते आवडलं नाही, डिंक तिनं परत ठेवला. मग मुद्दाम तिच्यासमोर बसून वाकडंतिकडं कापलं, म्हणजे तिला वाटावं टीचरलाही जमत नाही. तिनं काळजीनं विचारलं, “टीचर, तुम्हाले बरं नाही का आज?”

शेवटी मावशीनंच विचारलं, “तिले खरं सांगतलं का तुमी?”

“नाही.”

“मंग कायची वाट पाहून राहिल्या?”

त्या दिवशी मी मुलीला ओट्यावर शेजारी बसवलं. म्हटलं, “तुझा बैल वाळून बदलला नव्हता. मी बदलला. तुला न विचारता. आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. माझं चुकलं.”

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुम्ही पाय काहून लावले?”

“त्याला पाय नव्हते म्हणून.”

“होते. तो बसला होता न. पाय खाली होते. मामाचा बैल दुपारी असाच बसते.”

तीन दिवस मी त्या बैलाकडे पाहिलं होतं आणि तो बसलाय हे मला दिसलं नव्हतं. आणि म्हणे निरीक्षण!

“मग बक्षीस तुम्हाले मिळालं?” तिनं विचारलं.

“हो. मलाच म्हणायचं.”

दुसऱ्या दिवशी ती निळी बाटली तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी परत केली नाही. तिच्या आईलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, “एवढ्याशा गोष्टीचं काय टीचर!” आणि स्कूटर सुरू करून ड्युटीवर गेली.

मला वाटलं होतं, माफी मागितली की झालं. कसलं काय! मुलगी माझ्याशी पूर्वीसारखी बोलायला लागली, माझ्या मांडीवर बसायला लागली, पण काम समोर आलं की हात मागे. अशी दिवाळी गेली.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही पोळ्या लाटायचा दिवस ठेवला. मावशीनं कणीक भिजवली, प्रत्येकाला छोटं पोळपाट-लाटणं आणि एक गोळा दिला. मी यावेळी ठरवून आले होते. बुटक्या खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. ती आपला गोळा घेऊन आलीच.

“तुम्हीच करा.”

“नाही, मी आज कोणाचीच पोळी करणार नाही.”

“कोणाचीच नाही?”

“कोणाचीच नाही.”

ती माझ्या शेजारच्या पाटावर बसली. आजूबाजूला गोंधळ चालला होता, पीठ उडत होतं, एकाची पोळी दुसऱ्याच्या पोळीला चिकटली म्हणून भांडण लागलं होतं. ती गोळ्याकडे बघत होती. मग एक बोट त्यात खुपसलं. मग दुसरं. लाटणं घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. पोळी लांब होत गेली, एका बाजूला तिला शेपटीसारखं काहीतरी फुटलं. जिभेचं टोक बाहेर आलं होतं. मी श्वास रोखून बसले होते. तेवढ्यात त्या पोळीची कडा दुमडून खाली जायला लागली, आणि माझा मेला उजवा हात मांडीखालून सुटला आणि ती कडा उचलायला पुढे गेला.

फाडकन आवाज आला. तिनं लाटणं सोडून माझ्या मनगटावर चापट मारली होती.

“हात नाही लावायचा! माझी आहे!”

“टीचरले मारलं!” कुणीतरी म्हणालं. मावशी तव्यापासून वळून बघायला लागली. माझा जीव भांड्यात पडला. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि मनगट चांगलंच चुरचुरत होतं. इतका मार खाऊन इतका आनंद मला आयुष्यात झालेला नाही. मी म्हटलं, “बरोबर केलं तिनं.” आणि हात पुन्हा मांडीखाली घातला. ती तिकडे कडा सोडवण्यात गुंतली होती, माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

सुट्टीला मुलांनी फाटकाशीच तिच्या आईला बातमी दिली. तिचा चेहरा पडला. “टीचरले मारलं तू? आधी सॉरी म्हण.”

“राहू द्या हो,” मी म्हटलं, “चूक माझी होती.”

“नाही टीचर, असं कसं? म्हण वं लवकर.”

मुलीच्या हातात कागदात गुंडाळलेली तिची पोळी होती, कडेला जळलेली आणि मधे कच्ची. ती छातीशी धरून तिनं मान वर केली.

“सॉरी टीचर,” ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, “पण हात नाही लावायचा.”

“नाही लावत,” मी म्हटलं.